पनवेलचा एसी कुल्लूच्या थंडीत

एप्रिल लागला की नवीन पनवेलमधून हमखास फोन येतो, एसीतून गरम हवा येतेय, ताबडतोब या. मी विचारते, रिमोटवर काय दिसतंय, बर्फाचं फूल की सूर्य? पलीकडचा माणूस दुखावतो. आपण एवढी गंभीर तक्रार करतोय आणि ही बाई चित्रं काय विचारतेय! शेवटी कुरकुरत तो रिमोट शोधतो आणि सांगतो, सूर्य. मग मी म्हणते, ते खोली गरम करायचं बटण आहे, बदला. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला उलट ऐकवलं होतं, "अहो, उन्हाळा आहे म्हणून सूर्य दाबला. बर्फाचं बटण हिवाळ्यासाठी असणार ना?" त्यांचा तर्क त्यांच्या जागी बिनचूक होता.

खरं म्हणजे चूक त्यांची नव्हती, त्यांच्या बिल्डरची होती. त्याने अख्ख्या टॉवरमध्ये गरम-थंड दोन्ही करणारे एसी बसवून दिले होते आणि जाहिरातीत स्वेटर घालून कॉफी पिणारं कुटुंब छापलं होतं. पनवेलमध्ये स्वेटर कपाटाबाहेर निघतो तो डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून. इथे खोली गरम करायचं यंत्र विकणं म्हणजे मिठागरात मीठ विकण्यातला प्रकार. पण लोकांनी घेतलं. जास्तीचं काही मिळतंय म्हटलं की आपल्याला ते लागतं का, हे कोण विचारतो?

या अंकाच्या संपादकबाईंनी मला सांगितलं, धंद्यातले अनुभव लिहा, पण नुसत्या तक्रारी नकोत. मी त्यांना म्हटलं, तक्रारी वजा केल्या तर एसी दुरुस्त करणाऱ्या बाईच्या आयुष्यात उरतं काय? त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

मी आयटीआयला गेले तेव्हा शिवणकामाच्या वर्गातल्या जागा भरल्या होत्या. रेफ्रिजरेशनच्या वर्गात रिकाम्या होत्या. एवढ्या एका कारणाने मी या धंद्यात आले आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं पनवेल, उरण, कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत शिड्या चढत राहिले. हातात पाना-पक्कड, खांद्यावर गॅसची नळकांडी घेऊन दारात उभी राहिले, तरी लोक माझ्या मागे डोकावून विचारायचे, मेकॅनिक खाली गाडी लावतोय का? आता दुकान माझी मुलगी बघते. मी गल्ल्यापाशी बसते आणि फोन घेते, म्हणजे चिडण्याचं काम तेवढं माझ्याकडे राहिलं आहे.

या सगळ्या वर्षांत एक प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला तितका दुसरा कुठलाच नसेल. "या एसीने घर गरम होतं का हो?" मी विचारते, घर कुठे आहे? समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला हो किंवा नाही हवं असतं. घर कुठे आहे, भिंती कसल्या आहेत, छप्पर काय आहे, वीज किती वेळ जाते, हे विचारलं की त्याला वाटतं मी टाळतेय, किंवा मला येत नाही.

म्हणून एकदाच नीट सांगते. एसी थंडी तयार करत नाही. तो उष्णता उचलून नेतो. खोलीतली उष्णता गॅसमध्ये घेतो आणि बाहेरच्या डब्यातून रस्त्यावर टाकतो. हाच व्यवहार उलटा फिरवला, की तो बाहेरची उष्णता उचलून आत आणतो. याला म्हणायचं हीट पंप, उष्णतेचा पंप. लोक म्हणतात, बाहेर थंडी आहे तर तिथे उष्णता कुठून येणार? असते. आपल्याला थंड वाटणाऱ्या हवेतही भरपूर उष्णता असते, यंत्राला ती शोषून घेता येते. म्हणून तर हे साध्या हीटरपेक्षा स्वस्तात पडतं. हीटर जेवढी वीज खातो तेवढीच ऊब देतो. हा पंप ऊब तयार करत नाही, नुसती वाहून आणतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत दुप्पट-तिप्पट देऊ शकतो.

पण बाहेर जितकं गार, तितकी ती उष्णता उचलायला कठीण. त्यात हवा दमट असली की बाहेरच्या डब्यावर बर्फ धरतो. तो वितळवायला यंत्र मधूनमधून थोडा वेळ पुन्हा उलटं फिरतं, आणि तेवढा वेळ आतली ऊब थांबते. नाशिकच्या, महाबळेश्वरच्या थंडीत हे यंत्र उत्तम. महाबळेश्वरला एका डॉक्टरबाईंच्या बंगल्यात मी ते बसवलं, त्या अजून दर हिवाळ्यात खूश असल्याचा फोन करतात. पाणी गोठतं अशा ठिकाणी मात्र त्याच थंडीसाठी बनवलेलं यंत्र लागतं, ते वेगळं असतं आणि महागही असतं. शिवाय घराच्या फटी बुजवाव्या लागतात, छताखाली काहीतरी जाड घालावं लागतं. नाहीतर भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतत बसायचं. झालं. एवढंच आहे. पण हे शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मला फार क्वचित भेटला, आणि माझे जनूकाका तर त्यातले नव्हतेच.

जनूकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पनवेल-उरण रस्त्यावर आमचं गाव आहे. काकांचं बालपण मिठागरात गेलं. पुढे जमिनी गेल्या, मोबदले आले, काकांनी डंपर घेतले, रेती-विटांचा धंदा वाढवला. माणूस मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा. त्यांची एकुलती लेक प्रणाली बंदराजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होती. तिथेच कामाला असलेल्या विवेक ठाकूर नावाच्या हिमाचलच्या मुलाशी तिने लग्न केलं. काकांनी आधी महिनाभर अबोला धरला आणि मग गावात कुणी घातला नसेल असा मांडव घातला. पुढे विवेकला त्याच्याच भागात जलविद्युत प्रकल्पावर नोकरी लागली आणि दोघं कुल्लूच्या वरच्या अंगाला त्याच्या गावी राहायला गेली.

प्रणालीला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, एवढा लांबचा प्रवास करायचा नाही. बाळ येणार ऐन हिवाळ्यात. प्रणालीच्या आईने, मथुराकाकींनी, डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची दुपटी बांधायला घेतली आणि तिकडे जायचं ठरवलं. काकांनी एसी घ्यायचा ठरवला.

ऑक्टोबरमध्ये ते दुकानात आले ते मला विचारायला नव्हे, सांगायला. हायवेवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये सणाची सूट चालू होती, तिथे त्यांनी गरम-थंड एसी बघून ठेवला होता. मी यंत्राचं नाव ऐकलं आणि म्हटलं, काका, हा तिथे चालणार नाही. त्यांनी शोरूमच्या पोराने दाखवलेला मोबाइलवरचा व्हिडिओ माझ्यासमोर धरला. त्यात एक बाई बाहेर बर्फ पडत असताना बिनबाह्यांचा ब्लाउज घालून सोफ्यावर बसली होती.

"गरम करतो का नाय, तेवढं सांग," काका म्हणाले.

"इथे करतो. तिथल्या जानेवारीत नाही पुरणार."

"म्हंजे करतो ना?"

मी त्यांना सगळं सांगितलं. या यंत्राची बाहेरच्या थंडीची मर्यादा कुठे लिहिलेली असते ते दाखवलं. तिथे चालणारं दुसरं यंत्र सुचवलं, ते मागवायला महिना लागेल हेही सांगितलं. काकांना महिना नको होता. ते म्हणाले, बाय, तू आपल्या दुकानातून घेतला नाय म्हनून रागावलीस. तो एसी ट्रान्सपोर्टने कुल्लूला गेला, तिथल्या इलेक्ट्रिशियनने तो विवेकच्या नव्या घरात बसवला, आणि नोव्हेंबरच्या एका दुपारी काकांचा विजयी फोन आला. खोली भट्टीसारखी तापली होती म्हणे. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी ते कळवलं. मी म्हटलं, नोव्हेंबरची दुपार आहे, काका. ते म्हणाले, तू कधी चांगलं बोलूच नको.

जानेवारीच्या सुरुवातीला प्रणालीला मुलगी झाली. बारीक होती, पण ठणठणीत. दवाखान्यातून घरी आली आणि तिथे बर्फ पडायला लागला. मग माझा फोन वाजायला लागला.

पहिला फोन मथुराकाकींचा, मशीन मधेच बंद पडतं आणि गार हवा फेकतं. मी सांगितलं, ते बाहेरचा बर्फ वितळवतंय, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होईल. त्यांना वाटलं ते बिघडलंय. त्यांनी ते बंद करून पुन्हा चालू केलं. असं दिवसभर. मी सांगितलं, बंद करू नका, वीसवर ठेवा आणि सलग चालू द्या. त्यांनी तीसवर ठेवलं, कारण तीस वीसपेक्षा जास्त. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या डब्याचा बर्फाचा ठोकळा झाला. इकडे पनवेलमध्ये पंख्याखाली बसून काकांनी फोनवरून उपाय सुचवला, वरून कढत पाणी ओता. ओतलं. ते पाणी पंख्याच्या पात्यांवर गोठलं आणि पंखा सुरू होताच एक पातं तुटलं.

विवेकचं म्हणणं होतं, प्रणालीने आणि बाळाने अंगणापलीकडच्या जुन्या घरात जावं. तिथे त्याची आई राहायची, तिला सगळे अम्मा म्हणतात. दगड-लाकडाचं ठेंगणं घर, मधोमध लोखंडी चूल, तिचं धुराडं छपरातून बाहेर गेलेलं. तिकडे त्या चुलीला तंदूर म्हणतात. अम्मा रोज येऊन सांगायची, इकडे या. पण मथुराकाकींना ते घर काळोखं वाटायचं, लाकडाचा वास बाळाला सोसणार नाही असं वाटायचं. शिवाय बापाने एवढं यंत्र पाठवलेलं असताना लेकीने चुलीपाशी जाऊन बसायचं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

मी फोनवर सांगितलं, यंत्र अर्धमुर्धं चालतंय तोवर निदान खोलीतली ऊब जाऊ देऊ नका. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावा, दाराखाली गोधडी सरकवा. आणि लगेच दुसरं वाक्य सांगितलं, एवढी बंद खोली केलीत की आत शेगडी, कोळसे, काही पेटवायचं नाही. पहिलं वाक्य ऐकलं गेलं.

त्यानंतर दोन-तीन दिवस फोन आला नाही. मला वाटलं, जमलं असेल. एका दुपारी मी दुकानात होते, मुलगी समोर एका गिऱ्हाइकाला फिल्टर दाखवत होती. काकींचा व्हिडिओ कॉल आला. आनंदात होत्या. म्हणाल्या, आता बघ कशी ऊब आलीय. फोन फिरवून त्यांनी खोली दाखवली. खिडक्यांना खाकी पट्ट्या, त्यावर जाड चादरी. पलंगावर प्रणाली कुशीवर झोपलेली, तिच्या पोटाशी बाळाची गुंडाळी. आणि पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी घमेल्यात लालभडक निखारे.

मी विचारलं, हे कधीपासून पेटवलंय? सकाळपासून, त्या म्हणाल्या. बाळंतिणीला शेक नको का? आपल्याकडे देतातच. धूर नाय काय नाय, बघ, धूर सगला भायेर काढून मंग कोलसे आत आनले.

"काकी, दार उघडा."

"आताच कुठं ऊब आली बाय."

"तुमचं डोकं दुखतंय का?"

"सकालपासून दुखतंय. तुला कसं कललं?"

धंद्यात शिकवतात ते सगळं माणूस विसरतो, पण बंद खोलीतल्या जळत्या कोळशाबद्दलचं विसरत नाही. त्यातून सुटणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. धूर गेला म्हणजे धोका गेला असं नसतं. मी आवाज शक्य तितका शांत ठेवला आणि म्हटलं, प्रणालीला उठवा, बाळाला घ्या आणि बाहेर पडा, आत्ता. काकी पलंगाकडे गेल्या. प्रणालीला हाका मारल्या. तिने हूं केलं, पण डोळे उघडले नाहीत. "उठत नाय गो," काकी म्हणाल्या, आणि मग त्यांचा पाय मुडपला असावा, कारण फोन खाली पडला आणि मला फक्त छत दिसायला लागलं. पत्र्याखाली ठोकलेलं पातळ प्लायवूड, त्यावर ओलीचा डाग.

मी तो फोन तसाच चालू ठेवला. मुलीचा फोन ओढून घेऊन विवेकला लावला. तो प्रकल्पावर होता, सुदैवाने त्याने उचलला. मी एवढंच बोलले, अम्माला सांग, दार तोड, सगळ्यांना बाहेर काढ, कोळशाचा गॅस आहे. तो दुसरा एकही शब्द न बोलता फोन कट करून गेला. नंतर मला नेहमी वाटत आलंय, की मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावत घालवलं, आणि माझं पूर्ण ऐकून लगेच तसंच करणारा माणूस हा एकच.

मग मी त्या छताकडे बघत राहिले. पनवेलच्या बाजारात बाहेर रिक्षावाले भांडत होते. समोरचं गिऱ्हाईक फिल्टर हातात घेऊन उभं होतं. बाळाचा आवाज येत नव्हता. मी हाका मारल्या, काकी, काकी. कण्हल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, मुलगी म्हणते फार नाही. मग दाराचा आवाज झाला, दाराखालची गोधडी घासत गेली, आणि अम्माचं भराभर बोलणं ऐकू आलं. काच फुटली. घमेलं ओढल्याचा आवाज आला. अजून बाळ रडत नव्हतं. मग फोनच्या समोरून कुणाचे तरी पाय गेले, आणि लांबून, बहुधा अंगणातून, ते रडलं. बारीक आवाजात, चिडून.

माझ्या मुलीने खुर्ची पुढे केली तेव्हा मला कळलं, मी उभीच होते.

तिघींना दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. बाळ सर्वांत आधी शुद्धीवर आलं, कारण म्हणे ते प्रणालीच्या पदराआड दाराच्या बाजूला होतं आणि दाराखालून येणारी थोडी हवा त्याला मिळत राहिली. असं डॉक्टर म्हणाले. खरं-खोटं मला माहीत नाही. दोन दिवसांनी तिघी घरी आल्या, म्हणजे अम्माच्या घरी, तंदूरपाशी. या वेळी कुणी काही म्हटलं नाही.

काका दुसऱ्याच दिवशी विमानाने निघाले आणि मला म्हणाले, तू पन चल. मी गेले. चंदीगडहून पुढे गाडीने. वाटेत काका सारखं म्हणत होते, त्या मशीनने घात केला. मी बाहेर बघत होते. बोलायला लागले असते तर गाडीतच भांडण झालं असतं. मशीनने काय केलं होतं? जे त्याला जमत नव्हतं ते जमवायचा प्रयत्न केला होता, दिवस-रात्र, त्यावर कढत पाणी ओतलं जाईपर्यंत.

गावी पोहोचलो तेव्हा संध्याकाळ उतरत होती. काका गाडीतून उतरले ते पनवेलच्या बाजारात घेतलेलं जाकीट घालून. दोन पावलं चालले आणि थांबले. उन्हात उभं राहून मीठ ओढण्यात वाढलेला माणूस, त्याने अशी थंडी कधी अंगावर घेतलीच नव्हती. श्वास आत घ्यायला त्यांना जड जात होतं. अंगणातून जाताना त्यांना एसीचा बाहेरचा डबा दिसला. जमिनीलगत बसवलेला, बरोबर छपराच्या पागोळ्यांखाली. वरचं पाणी त्याच्यावर पडून गोठलेलं, खालून बर्फ चढलेला. काका त्याच्यापाशी गेले, हातमोजा काढला आणि त्या बर्फावर हात ठेवला.

"येवडी थंडी आसंल हे मना म्हाइतच नव्हतं," ते म्हणाले.

मी म्हणू शकले असते, सांगितलं होतं. ते शब्द माझ्या जिभेवर होते. ऑक्टोबरपासून होते.

"लेक येवढी लांब," काका हात तसाच ठेवून म्हणाले. "आमी काय करनार होतो तिच्यासाठी? तिचं दूध-पानी नाय बघता येत, तिला हाक नाय मारता येत. मना वाटलं, मोठं कायतरी पाठवावं. तिला दिसंल रोज, बापानं पाठवलंय."

मी त्यांचा हात धरून बाजूला घेतला. बर्फाला चिकटून कातडी सोलली जाते, हेही त्यांना माहीत नव्हतं.

पुढचा आठवडा मी तिथे राहिले. तिथल्या इलेक्ट्रिशियनबरोबर मी तो डबा जमिनीपासून उचलून उंच भिंतीवर बसवला, वर पत्र्याचं छपरू घातलं, पंख्याचं पातं बदललं. खोलीच्या छताखाली थर्माकोलचे तक्ते आणि लाकडी फळ्या ठोकल्या. मी त्या मुलाला विचारलं, एवढ्या खाली का बसवला होतास? तो म्हणाला, साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लाव. काका शेजारीच उभे होते. ते फळ्या मोजायला लागले.

अम्मा रोज येऊन काम बघायची. एका दुपारी तिने मला विचारलं, आणि तिचा प्रश्न चोख होता, की बर्फात इथली वीज कधीकधी दोन-दोन दिवस जाते, तेव्हा हे काय करणार? मी म्हटलं, काही नाही करणार. तेव्हा तुमचा तंदूर. बाकीच्या दिवसांत हा. ऐन कडाक्यात दिवसा हा, रात्री तुमचा तंदूर. अम्मा म्हणाली, मग ठीक आहे, सुनेलाही लाकडं फोडण्यापासून सुटका हवी. किती सोपं होतं. एका बाईला हो आणि नाही यांच्यामधलं उत्तर एका दमात समजलं, त्यासाठी मला कुल्लूपर्यंत जावं लागलं.

त्या मार्चमध्ये यंत्र एकट्याने खोली छान तापवायला लागलं. ऑक्टोबरमध्येही चालेल. थंडीच्या ऐन दोन महिन्यांत त्याला मदत लागेल, आणि पुढेमागे तिथल्या थंडीचं दुसरं यंत्र घ्यायचं विवेकच्या मनात आहे. गोष्ट इथे संपली असती तर मी शांत झाले असते. पण काका पनवेलला परत आले आणि ज्या तोंडाने त्यांनी गावभर सांगितलं होतं की असा एसी घ्याच, त्याच तोंडाने सांगायला लागले की असा एसी कुणी घेऊ नका, थंडीत फुकट जातो. आमच्याच गावातल्या एका मुलाने पाचगणीला छोटं हॉटेल काढलंय. त्याने माझ्याकडे दिलेली ऑर्डर रद्द केली आणि प्रत्येक खोलीत तारेचे हीटर लावले. मी त्याला फोन करून सांगितलं, बाबा, पाचगणीला हे यंत्र अगदी योग्य आहे, तुझं वीजबिल अर्ध्याखाली येईल. तो म्हणाला, ताई, जनूकाकांचं काय झालं ते माहीत आहे मला. मी म्हटलं, तुझं पाचगणी आहे, ते कुल्लू होतं. तो म्हणाला, थंडी ती थंडीच ना. मी फोन ठेवला आणि मुलीला म्हटलं, आजपासून फोन तू घे.

मे महिन्यात प्रणाली बाळाला घेऊन पहिल्यांदा माहेरी आली. डोंगरातलं पोर ते, पनवेलच्या उकाड्यात दोन दिवसांत अंगभर घामोळ्यांनी लाल झालं. काकांच्या घरी वरच्या खोलीत एसी होता, पण तो लावण्याआधी काकींनी मला बोलावलं. मी गेले. त्यांनी मला विचारलं, कितीवर ठेवू, हवा बालाच्या अंगावर तर येनार नाय ना, किती वेल चालू ठेवू. मी सांगितलं तसं त्यांनी एकेक करून केलं. सव्वीसवर ठेवला, हवेची झडप वर केली, बाळाला सुती झबलं घातलं. सगळं नीट ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. खोली हळूहळू गार झाली. बाळ हातपाय ताणून झोपलं.

मग काकी उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि तिचं एक दार वीतभर उघडून कडी अडकवली. बाहेरची दुपारची झळ आत यायला लागली. एसी जोर लावून घुरघुरायला लागला. काकी बाळाच्या छातीवर हात ठेवून, त्या खिडकीकडे बघत, पलंगावर बसल्या. ते दार आता दिवसरात्र असंच असतं, प्रणाली मला हळूच म्हणाली, बंद केलं की आईचा श्वास कोंडतो.

वीज वाया जात होती. यंत्राचं आयुष्य कमी होत होतं. मी माझी पिशवी उचलली, काकींच्या हातचा चहा घेतला आणि खिडकीबद्दल एक शब्दही न बोलता घरी आले.